शोकेसमधली मोरपंखी साडी

२०२२ सालची गोष्ट. फेब्रुवारी सुरू होता आणि नगरच्या तांबटकर गल्लीतलं 'लक्षदीप स्टोअर्स' पाडून तिथे नवी इमारत बांधायचं ठरलं होतं. एके काळी पाथर्डी-पारनेरहून लोक लग्नाचा बस्ता बांधायला तिथे येत. आता शटर बंद होऊन अठरा वर्षं झाली होती. त्यामागोमाग गल्लीतली निम्मी दुकानंही बसली.

त्या शुक्रवारी सकाळीच रजिया विमलबाईंच्या दारात आली. विमलबाई पोलिसातून निवृत्त झालेल्या हवालदार.

"विमलताई, आबासाहेबांची चिठ्ठी गेली."

लक्षदीपचे मालक आबासाहेब यांनी मरण्याआधी लिहून दिलं होतं, की इथे पुढे काहीही बांधलं तरी कोपऱ्याचा गाळा रजियाचा. सव्वीस वर्षं ती त्यांच्या जिन्याखाली बसून साड्यांना फॉल लावत होती. त्यांचा नातू ओंकार शब्द पाळायला तयार होता, पण सोमवारी करार व्हायच्या आत त्याला मूळ चिठ्ठी हवी होती. नाहीतर गाळा हातचा जाणार.

विमलबाई तिच्या खोलीवर गेल्या. ट्रंक उघडी होती. वरच मोरपंखी साडी, जरीचा पदर उन्हात चमकत होता. आरसा खाटेवर, भिंतीला टेकवलेला.

"चिठ्ठी कुठे होती?"

"ह्याच साडीच्या घडीत. दुकान बंद झालं त्या दिवशी आबासाहेबांनी शोकेसमधून काढून दिलेली."

"आरसा खाली कोणी घेतला?"

रजियाने वर खिळ्याकडे पाहिलं. गल्लीत तिच्याएवढी उंच बाई दुसरी नव्हती. "मी नाही घेतला."

"जरीच्या साड्या कशा ठेवतेस?"

"पदर आत. हवेने जरीकाम काळं पडतं."

विमलबाईंनी साडीकडे पुन्हा एकदा पाहिलं.

गुरुवारी दुपारी रजिया शिवलेले ब्लाउज पोचवायला गेली होती. दाराला नुसती कडी. समोरच्या ओट्यावर लक्षदीपचा जुना पॅकिंगवाला सहादू बसून होता.

"कोण कोण आत गेलं, सहादू?"

"बिल्डरचा मानूस कल्याण गेल्ता. रंगुबाई डबा घिऊन गेली. अन् मी बी गेल्तो, पानी प्यायला. लिवून घ्या माजं बी नाव."

"तुलाही गाळा हवा होता म्हणे."

"हवा हुता. पन उदबत्ती लावायलाच. वय काय माजं?"

कल्याण सरळ बोलला. "कोपरा सुटला तर माझ्या मेहुण्याला मिळेल, खरंय. मी रजियाचाचींना सोमवारची वेळ सांगायला गेलो. कोणी नव्हतं, परत फिरलो."

रंगुबाईने एकोणतीस वर्षं साडीचं काउंटर सांभाळलेलं. बुटकी, नीटनेटकी. लक्षदीपची शोकेसही तीच लावायची.

"कालवण ठेवलं अन् आले," ती म्हणाली.

"रजियाला गाळा मिळतोय. तुला काय दिलं आबासाहेबांनी?"

"कुकर. लई मोठं मन."

"आणि ती मोरपंखी?"

"सहा वर्षं मी नेसवली पुतळ्याला. गिऱ्हाईक मागायचं, तर म्हणायचे, विकायची नाही. दिली कोणाला? फॉलवालीला."

रविवारी विमलबाईंनी सगळ्यांना रजियाच्या खोलीत बोलावलं. ओंकारही आला. मोरपंखी साडी खाटेवर विस्कटून पडली होती.

"रंगुबाई, एवढी घडी घाल गं. बसायला जागा होईल."

रंगुबाईचे हात चालू लागले. कोपरापासून बोटापर्यंत एकेक पट्टा, तळहाताने दाब. शेवटी पदर फिरवून वर घेतला, गिऱ्हाइकाच्या नजरेला पडावा तसा.

"शुक्रवारी ट्रंकेत हीच घडी होती," विमलबाई म्हणाल्या. "रजिया पदर आत ठेवते. पदर वर ठेवायची ती काउंटरची सवय."

"घडी कोणालाही येते," कल्याण म्हणाला.

"येते. पण चिठ्ठी घडीत हात घालून काढता येते. तुम्ही, सहादू, कोणीही तेवढंच केलं असतं. इथे साडी पूर्ण उलगडली होती. का? नेसायला. रजियाचा आरसा उंच, म्हणून तो खाली घेतला. आलेली व्यक्ती बुटकी होती आणि तिला चिठ्ठी नको होती. साडी हवी होती. चिठ्ठी आतून पडली तेव्हा तिला कळलं, की साडीबरोबर कोपऱ्याचा गाळाही रजियालाच."

रंगुबाई खाली बसली नाही. "नुसती नेसून बघितली. मला जास्त शोभत होती."

"चिठ्ठी?"

रंगुबाईने साडीवरून पुन्हा एकदा तळहात फिरवला.

"कुकर एकदा तरी वापरलास?"

"मरेपर्यंत न्हाई वापरणार."

"मग त्यातच असेल. नजरेसमोर नको अशा दोन्ही गोष्टी एकाच जागी."

सहादू जाऊन कुकर घेऊन आला. चिठ्ठी आत होती, सुरकुतीही न पडलेली.

रजियाने पोलिसात जाऊ दिलं नाही, आणि त्या दिवसानंतर ती रंगुबाईशी बोललीही नाही.

इमारत दोन वर्षांनी झाली. कल्याणच्या मेहुण्याला मागचा गाळा मिळाला. सहादूने उद्घाटनाला उदबत्ती लावली; त्याच पावसाळ्यात तो गेला. ओंकार पुण्याला असतो. विमलबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आता त्या गल्लीचा खडा न् खडा पाहतात. रंगुबाई सोनईला मुलीकडे राहायला गेली.

रजियाने मोरपंखी साडी कोपऱ्यावरच्या आपल्या दुकानाच्या काचेत ठेवली आहे, विकायला नाही. रंगुबाई नगरला आली की काचेसमोर थांबते.

"पदर आत गेलाय," दारातूनच सांगते आणि निघून जाते.

रजियाने तो अजून बाहेर काढलेला नाही.