सान बर्नार्दिनोतली अकरा नाणी

मेक्सिकोची चांदी मनिलाला आणणारं एक स्पॅनिश जहाज अडीचशे वर्षांमागे सान बर्नार्दिनोच्या सामुद्रधुनीत बुडालं, असं फिलिपिन्समधल्या समार बेटाच्या किनाऱ्यावर जो तो सांगायचा. त्याचाच शोध घ्यायला तिघं निघाली होती: होडीवाले म्हातारे ताताय उरो, पाणबुड्या तिबुर्सियो आणि त्याची धाकटी बहीण क्रिसांता. किनाऱ्यावर कुणालाही जुनं नाणं सापडलं, की ते ओळखायला आधी क्रिसांताच्या हातात यायचं.

तिसऱ्या दिवशी तिबुर्सियो वर आला तो ओठ निळे, नाकातून रक्त आणि मुठीत एक काळा गोळा घेऊन!

"कपारीच्या तोंडाशी होता! आत भुयार आहे. चांदीच्या पेट्या तिथेच असणार!"

"आत शिरलास, तर तुझ्यासाठीच पेटी करावी लागेल," ताताय गुरगुरले.

खोटं नव्हतं ते. तिथलं पाणी भरती-ओहोटीच्या मधे जेमतेम वीस मिनिटं थांबायचं. मग असा भोवरा उठायचा, की माणूस काय, खडकही हलावा. निम्मा वेळ सरला होता.

"मानोय, थांब. हे पाहू दे." क्रिसांता थोरल्या भावाला मानोयच म्हणायची.

"तू पाहत बस. मी आलोच जाऊन."

क्रिसांताने त्याच्या हवेच्या नळीवर पायच ठेवला! तिने गोळा फोडला. अकरा नाणी! एक अंगठ्याने घासलं. लाटांतून वर आलेले दोन खांब, मध्ये मुकुट, खाली साल १७५४.

"मेक्सिकोचंच!"

"मग? काढ पाय!"

पण खांबाशेजारी एक बारीकसा खळगा होता. झीज नव्हे, कुणीतरी मुद्दाम ठोकलेलं चिनी अक्षर. तिने दुसरं घासलं. तिसरं. सगळी घासली.

"मानोय, हे जहाज चांदी आणत नव्हतं. चांदी उतरवून परत चाललं होतं!"

"कशावरून?"

"चिनी व्यापारी चांदी पारखून घ्यायचे, मग आपला ठसा मारायचे. ही नाणी मनिलाच्या बाजारात फिरलेली आहेत. परतीच्या जहाजात रेशीम भरायचे."

"रेशीम? ते माशांनी कधीच नेसून फाडलं!" ताताय हसले.

"एखाद्यावर असेल ठसा..." तिबुर्सियो पुटपुटला.

"अकराच्या अकरांवर?"

तिबुर्सियो पाण्याकडे पाहत राहिला. तीन वर्षं त्याने याच जहाजाची स्वप्नं पाहिली होती. शेवटी त्याने नळी खाली ठेवली.

तेवढ्यात समुद्र घुमला! पाणी फिरलं. होडी गर्रकन वळली, होडीचा तोल राखणाऱ्या बाजूच्या बांबूची दोरी तटकन तुटली! तातायनी इंजिन ओरडेपर्यंत ताणलं, भावंडांनी बांबू छातीशी कवटाळून धरला. मागे, कपारीवर, पाण्याचा भलामोठा खड्डा पडला होता.

शांत पाण्यात आल्यावर तिबुर्सियोने विचारलं, "मग ही नाणी कुणाची गं?"

"हे बघ, गोळ्याच्या तुकड्यावर कापडाची वीण उमटलीय. एखाद्या खलाशाचा बटवा असेल."

नाताळाखेरीज चर्चची पायरी न चढणाऱ्या तिबुर्सियोने डोक्यावरची टोपी काढली.

"नाव ठाऊक नसलं, तरी मेलेल्यासाठी प्रार्थना चालते?"

"चालते."

त्याने सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीला अडखळला. तातायनी ती हळूच सांगितली. मग तिघं मिळून पुढे म्हणू लागली.