बारा की बावीस?

"बारा अंश," मी म्हणाले.

"बावीस," डॉक्टर हणमंतराव म्हणाले.

मला धक्काच बसला. एकच घोटा, एकच पितळी कोनमापक, आणि माझ्यामागोमाग लगेच त्यांनी मोजलेलं!

घोटा होता कमठाण्याच्या सोमशेखर यांचा. गुलबर्ग्याच्या अडतीत तुरीच्या पोत्यांच्या थप्पीवरून ते घसरले होते. त्यांचा चेहरा मी नंतर पाहिला. आधी पाहिलं ते प्लास्टरमधून निघालेलं पाऊल. पंधरवड्यापासून रोज ते दवाखान्यात माझ्याकडे व्यायामाला यायचे, आणि पाऊल नडगीकडे किती वर येतं ते मी मोजायची. रोज बाराच!

"नीलम्मा, तुझं खरं असेल तर यांचं ऑपरेशन करावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "माझं खरं असेल तर हे बरे झालेत. उद्या पुन्हा मोजू. तुझ्या मापावर भरवसा नसेल, तर तुला या कामावर कसं ठेवू?"

हैदराबाद राज्यात नवे दवाखाने निघत होते म्हणून, नाहीतर वडिलांनी, अप्पांनी, मला नोकरीला थोडंच पाठवलं असतं! काम गेलं की थेट गावी, चुलीपुढे.

दुसऱ्या दिवशी बाहेर झड लागलेली. सोमशेखर टेबलावर पाय पसरून हसत बसलेले.

"बाई, रातभर झोप न्हाई वाटतं?"

"तुमच्या घोट्यामुळं!"

"घोट्यामुळंच व्हय? मला वाटलं... माझ्यामुळं."

"पाय ढिला सोडा," मी दटावलं आणि वाकले. पाऊल पुन्हा लाकूड! मी भडकलेच. "मुद्दाम करायलाव? डॉक्टरांनी धरला की मऊ, आन् मी धरला की असा. कामून?"

त्यांचे कान लाल झाले. "न्हाई बाई... कसं सांगू..." त्यांनी बिचकत माझ्या गळ्याकडे बोट केलं.

मी खाली पाहिलं आणि गारठलेच. माझं इष्टलिंग! आम्ही लिंगायत ते जन्मभर गळ्यात बाळगतो. वाकले की दोऱ्यातली त्याची चांदीची डबी पदराबाहेर यायची, आणि नेमकी त्यांच्या पावलावर लोंबायची.

"मी काय पाय पुजून घेनारा जंगम हाव का, लिंग माझ्या पायाशी यायला? पाप लागंल की! पाय आपसूक मागं व्हतोय."

"आन् हे पंधरा दिस सांगितलं न्हाई?"

"परक्या पोरीला सांगू, की तुमच्या गळ्याकडं बघायलोव म्हनून?"

आजवर किती लिंगायतांचे घोटे मी असे मोजले असतील, या विचारानेच मला घाम फुटला.

"पालथे झोपा," मी म्हणाले. "गुडघा वाकवा."

तळवा छताकडे आला. आता मी सरळ उभी, लिंग आपल्या जागी, आणि पाऊल माझ्या हाताच्या उंचीला. बावीस! डॉक्टर आले, त्यांनीही तसंच मोजलं. बावीस.

"यापुढे सगळ्यांचं असंच मोजायचं," ते खूश होऊन म्हणाले. "सोमशेखर, बरे झालात. उद्यापासून यायची गरज नाही." आणि निघून गेले.

नोकरी वाचली होती. मग मला रडू का यायला लागलं? उद्यापासून हे येणार नाहीत... एवढंच तर झालं होतं! पण मला ते सोसवेना.

"बाई," उशीतून आवाज आला, "लिंगाचं खरं हाय. पन ते निम्मंच."

"आन् उरलेलं?"

"तुमी हात लावला की... पायच काय, सगळा मीच आखडतोय. आज तोंड उशीत हुतं म्हनून निभलं."

माझा हात अजून त्यांच्या घोट्यावरच होता. चटका बसावा तसा मी तो काढून घेतला. ते उठून बसले. हसू पार मावळलेलं.

"तुमच्या अप्पांला भेटायला... कोन्या गावाला यावं लागंल?"

"आधी नीट चालायला शिका. लंगडा जावई अप्पांला—"

मी जीभ चावली. जावई! हे कोण बोललं? मी?

सोमशेखर आ वासून बघत राहिले. मी लाजून खिडकीकडे तोंड फिरवलं... पण शब्द काही मागे घेतला नाही.