दुसरं टोक

रितेश, तो मोबाइलचा उजेड बंद कर रे. लाइट यायची तेव्हा येईल. विजेला घाबरत नाय म्हणालास ना? मग ऐक. माझ्या सख्ख्या साडूच्या घरात घडलेलं सांगतो.

साडू म्हणजे गोमा. म्हसा गावाच्या पलीकडं घर. त्याची बायको बायजा, तुमच्या काकीची धाकटी बहीण, ती पायाळू. जन्मताना पाय आधी आले. पायाळू माणसावर वीज टपलेली असते म्हणतात, म्हणून आभाळ गडगडलं की तिला कोणी बाहेर पाऊल टाकू द्यायचं नाय. तीन वर्षांमागं असंच वादळ आलं आणि खळ्यातलं भात झाकायला बायजाच्या जागी तिची नणंद जना गेली. ताडपत्रीचं एक टोक गोमाच्या हातात, दुसरं जनाच्या. वीज पडली ती जनावर. पोरीचं लग्न ठरलेलं रे!

गेल्या साली, कोजागिरीच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला आभाळ तसंच भरून आलं. भाताचे भारे खळ्यात उघडेच. गोमानं ताडपत्री काखोटीला मारली आणि बायजाला बजावलं, "काय पण झालं तरी उंबरा ओलांडू नको गो."

"नाय ओलांडत. तुमी लवकर या."

वाऱ्यात ताडपत्री हाताला लागेना. गोमा एकटाच झटापट करत होता. तेवढ्यात पलीकडचं टोक कोणीतरी घट्ट धरलं. काळोखात दिसेना कोण ते. गोमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सांगितलेलं कळत नाय का तुला? घरात जा आधी!"

दारातून बायजा ओरडली, "अवो, मी घरातच हाय! कोनाला बोलताव?"

गोमानं दाराकडं बघितलं, मग पलीकडच्या टोकाकडं. वीज चमकली. पलीकडं कोणी नव्हतं. टोक मात्र ताणलेलं...

मग आवाज आला. हळू. ओळखीचा.

"वयनी... आता तू धर."

बायजानं उंबरा ओलांडला. गोमा ओरडला. तिला ऐकूच जाईना. डोळे खळ्याकडं, आणि सरळ चालत निघाली.

गोमानं ताडपत्री सोडली. धावला. तिला कमरेला धरून उचललं. घरात ढकललं. स्वतः आत शिरून कडी लावली.

आणि वीज पडली. अंगणातच.

...

बायजा वाचली. रात्रभर दोघं एका कोपऱ्यात एकमेकांना धरून बसली होती. सकाळी मी गेलो, हाका मारल्या, तेव्हा कुठं गोमानं कडी काढली. तोवर दार बंदच.

आत सारवलेल्या जमिनीवर पावलं होती. जळून काळी पडलेली. मी माझ्या डोळ्यांनी बघितली. दारापासून निघून बायजा बसलेली त्या कोपऱ्यापर्यंत...

परत जाणारं एकपण नव्हतं.