धरलेली जागा

बस गं निशा. काडेपेटी काय, नंतरही नेशील. लाईट कधी येतील याचा नेम नाही आणि वर त्या खोलीत अंधारात एकटी बसून करणार काय? हा कंदील मध्ये ठेवते. ज्योत जरा काजळी धरते, चालवून घे.

मघाशी जिन्यात विचारलंस ना, "काकू, मी पण येऊ का संडेला तुमच्यासोबत? वीकेंडला फारच बोअर होतं हो इथे." बोअर म्हणालीस, पण तुझा चेहरा वेगळंच सांगत होता. यवतमाळहून नोकरीसाठी आलीस, कर्वेनगरात ओळखीचं कुत्रं नाही. मला कळतं ते. ये, जरूर ये. पण आधी ऐकून घे आणि मग ठरव.

नारायण पेठेत एका छापखान्याच्या वर आमचं सिनेमा मंडळ भरतं. मागच्या भिंतीतल्या कोनाड्यात प्रोजेक्टर, समोर पडदा आणि मध्ये घडीच्या लोखंडी खुर्च्या. रंगराव म्हणून एक गृहस्थ सगळं बघतात. दर रविवारी दुपारी, शहाणी माणसं आडवी होतात नेमक्या त्या वेळी, ते असा एखादा सिनेमा लावतात की ज्याचं नाव दिग्दर्शकाच्या आईनंसुद्धा ऐकलं नसेल. नियम एकच. संपल्यावर प्रत्येकानं उभं राहून आपलं खरं मत सांगायचं. "छान होता" म्हटलेलं चालत नाही. छान हा शब्द लग्नातल्या मठ्ठ्यासाठी राखून ठेवा, असं रंगराव तोंडावर सांगतात.

मी काही जाणकार नाही गं. कॅमेऱ्यातलं मला ओ की ठो कळत नाही. आवडलं की डोळ्यांत पाणी येतं, तेवढंच माझं मत. आमच्या ह्यांना, म्हणजे विश्वजीतना, मात्र कधी काही आवडलं नाही. एकदा एक मेंढपाळ मेंढ्या घेऊन नुसता डोंगर चढत राहतो असा सिनेमा होता. मी पदराला डोळे पुसत होते आणि हे उभे राहून म्हणाले, "मेंढ्यांची कामं उत्तम झालीत. माणसानं निराशा केली." घरी पोचेपर्यंत आम्ही स्कूटरवर भांडत होतो. इतक्या वर्षांत एका सिनेमावर आमचं एकमत झालं नाही. खरं सांगू का, मी त्या भांडणासाठीच जायचे.

हे खाली स्कूटर लावायला जागा शोधायचे. तोवर मी वर जाऊन शेजारच्या खुर्चीवर ह्यांचा रुमाल टाकायचे. आपल्याकडे रुमाल पडला की जागा धरली गेली, त्यावर कुणी बसत नाही. कधी कुणी नवखा चुकून बसलाच, तर हे त्याला ऊठ म्हणायचे नाहीत. मागे भिंतीला टेकून अख्खा सिनेमा उभ्यानं बघायचे. मी म्हणायचे, अहो, सांगायचं ना त्याला. तर म्हणायचे, "सांगायचं कशाला? त्याला कळायला नको?" असला ताठा.

गेल्या थंडीत हे गेले. दोन दिवस ताप आला काय आणि माणूस गेला काय. घरात कुणी बोलायला नाही, त्याहून वाईट म्हणजे कुणी खोडायला नाही. मी मोठ्यानं म्हणायचे, आमटी बरी झालीये हं आज, आणि ते तसंच हवेत राहायचं.

शेवटी एका रविवारी रिक्षा करून मंडळात गेले. नेहमीच्या रांगेत बसले आणि सवयीनं पर्समधून ह्यांचा रुमाल काढून शेजारच्या खुर्चीवर टाकला. टाकल्यावर लक्षात आलं. उचलवेना. लोक आले, रुमाल बघून पुढे गेले. ज्यांना सगळं माहीत होतं तेसुद्धा.

दिवे मालवले. थोड्या वेळानं ती खुर्ची करकरली.

मी वळून बघितलं नाही. लवंगेचा वास आला. ह्यांच्या दाढेत कायम लवंग असायची, खोकल्यासाठी. मला भीती वाटली नाही, देवाशपथ. मी हळूच म्हटलं, "आलात?" शेजारून अगदी बारीक आवाज आला, "आले..." पोरी, त्या दिवशी मी घरी येऊन पोटभर जेवले.

मग दर रविवारी तेच. फक्त पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात एक काळा डाग दिसायला लागला होता. रंगरावांनी भिंग पुसलं, मशीन सरकवलं, तो काही हलेना. मी माझ्या मतात सांगूनही टाकलं, बाकी सगळं आवडलं, कोपऱ्यातलं ते काळं सोडून.

पण मला खटकायला लागलं. पहिल्या दिवशीचं ते 'आले'च बघ, हे 'आलो' म्हणाले असते. एक म्हातारी बर्फात बसची वाट बघत असते असा सिनेमा होता. माझ्या मनात आलं, काय सोसलंय हिनं... आणि लगेच शेजारून कुजबुज आली, "काय सोसलंय हिनं..." हे असं म्हणतील? हे म्हणाले असते, बाईनं रिक्षा करायची.

पुढच्या रविवारी आपल्याकडचाच एक न लागलेला सिनेमा होता, एका नावाड्याचा. मी मुद्दाम पुटपुटले, "किती सुंदर आहे हो."

"सुंदर आहे..."

"छे. भिकार आहे."

"भिकार आहे..." माझ्याच आवाजात, माझ्याच हेलात.

तेव्हा लवंगेखालचा दुसरा वास आला. बंद कपाटात ओलं फडकं राहिलं की येतो ना, तसला. लवंगेचा वास तरी तिथून येत होता का, कोण जाणे. पण माझ्या नवऱ्याची जागा होती ती. मी म्हटलं, "ही जागा धरलेली आहे."

"माहितीये..."

"ह्यांच्यासाठी धरली आहे."

"माहितीये... ते येतात ना दर रविवारी. मागे उभे असतात..."

मी मागे बघितलं. भिंत रिकामी होती. मग पुन्हा पडद्याकडे बघितलं आणि त्या डागाला मान दिसली, एक कान दिसला, भिंतीला टेकल्यावर डावीकडे झुकणारा ह्यांचा खांदा दिसला. मला रडूच आलं गं. इतके रविवार माणूस येत होता, आपली जागा गेलेली बघत होता, आणि ऊठ म्हणत नव्हता. आणि मी त्या परक्याशी गुजगोष्टी करत बसले होते.

रुमाल तिथेच टाकून मी उठले. मागे जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. तिथे लवंगेचा वास होता, नुसता लवंगेचा. मग कानाशी, अगदी नाइलाजानं बोलल्यासारखं, "नदीनं जीव ओतलाय. बाकीचे सगळे पगारी."

तोंडावर पदर धरून मी हसत होते आणि रडत होते. तेव्हापासून मी उभ्यानंच सिनेमे बघते. गुडघे दुखतात, दुखू देत. सगळे घरी गेले की जिना उतरताना आम्ही भांडतो.

म्हणून सांगते, ये रविवारी. पुढे बस, मनाला येईल ते मत दे. पण शेजारच्या खुर्चीवर रुमाल, ओढणी, पर्स, काही म्हणजे काही ठेवू नकोस. तुझे बाबा गेल्याचं तू मला सांगितलंयस. आपण कुणासाठी जागा धरतो हे आपल्यालाच ठाऊक असतं. बसणाऱ्याला काय, जागा दिसली की झालं.

रुमालाचं म्हणतेस? तो अजून तिथेच आहे. उचलायचं धाडस मला झालेलं नाही आणि दुसरं कुणी उचलणार नाही.

मागच्या रविवारी सिनेमा अर्ध्यावर आला होता, आणि पुढे ती खुर्ची करकरली. बसताना नाही, उठताना करकरते तशी. मी भिंतीला घट्ट टेकले. थोड्या वेळानं माझ्या दुसऱ्या बाजूला ओल्या फडक्याचा वास आला. मी समोरच बघत राहिले. रंगराव मशीनच्या बटणांशी खटपट करत होते. पडद्याकडे एकदा बघून, मान न वळवता, वैतागून म्हणाले,

"अहो, सावल्या पडताहेत पडद्यावर. जरा वाकून उभे राहा की, तिघंही."