स्कूगॉगचं गाऱ्हाणं

पहिल्या चहाच्या आधीच सुमेधाला राग आला होता. आणि रिकाम्या पोटी आलेला राग पित्तासारखा असतो बरं, दिवसभर वर येत राहतो.

राग होता विक्रमवर. विक्रम म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचा, सीमाचा नवरा. पुण्याचा, शुद्ध शाकाहारी. त्यांच्या माहेरी देवगडला लग्नाची बोलणी करायला आला तेव्हा सगळा वेळ नाकाला रुमाल लावून बसलेला. पोरांना वाटलं, नवऱ्याला सर्दी झालीय. तर हा गृहस्थ इथे कॅनडात रिटायर झाला आणि त्याने पोर्ट पेरीच्या पुढे स्कूगॉग लेकच्या काठी कॉटेज घेतलं, ॲल्युमिनियमची होडी घेतली, आणि मासे धरायला लागला. खायला नाही हं! धरायचा, फोटो काढायचा, सोडून द्यायचा. दारी आलेल्या पाहुण्याला उंबऱ्यावरून परत पाठवावं तसं.

आणि हा शिकवणार कोणाला, तर सुमेधाला. जिने चालायला शिकायच्या आधी खाडीवर बापाच्या मांडीत बसून गरी टाकली होती.

"ताई, इकडे बघा," विक्रम होडीतून म्हणाला. जूनचा शेवट, बास माशाचा सीझन त्याच दिवशी उघडला होता. "काठी मीडियम-हेवीच लागते, खाली वीड्स आहेत ना. दोरी ब्रेडेड, विणलेली. साधी दोरी गवतात कापली जाते. आता हे प्लॅस्टिकचं गांडूळ. गळाचं टोक याच्या अंगात लपवायचं, असं. मग ते गवतात अडकत नाही. मासा चावला की टोक आपोआप बाहेर. समजलं?"

"समजलं."

"मनगट मोकळं ठेवा. मनगट! तुम्ही पोळी लाटल्यासारखं धरताय."

मागे थर्मास सांभाळत बसलेला सुमेधाचा नवरा नंदन खुदकन हसला. सुमेधाने त्याच्याकडे असं बघितलं की थर्मासातला चहा गार झाला.

"मेल्या, तू गप्प बस," ती म्हणाली. नंदनला ती दिवसातून इतक्यांदा मेल्या म्हणायची की त्याला ते आपलं दुसरं नावच वाटायचं.

पाणी शांत होतं. स्कूगॉग तसा उथळ तलाव, चहात दूध घातल्यासारखा गढूळ. पूर्वी कधी धरण बांधून जमीन बुडवली, तिची झाडं खाली तशीच उभी होती, बुंधे कुजलेले. कमळाच्या पानांच्या कडेला सुमेधाने गांडूळ टाकलं. खाली जाऊ दिलं.

"आता हलवा. दोनदा झटका द्या. ताई, हलवा ना!"

ती हलली नाही. दोरी तिने तर्जनीवर घेतली, बाबा घ्यायचे तशी, आणि बोटाने ऐकत बसली. टक. मग बराच वेळ काही नाही. मग दोरी गुपचूप एका बाजूला सरकायला लागली, कोणीतरी दाराआडून पदर ओढावा तशी. सुमेधाने काठी उचलली.

पुढचं सांगितलं तर खोटं वाटेल. तो बास पाण्याबाहेर आला तेव्हा त्याच्या जबड्यात कुकरचं झाकण आडवं गेलं असतं. होडी एका अंगाला कलली. नंदनने चहा सांडला. सुमेधाने मासा पानांतून, बुंध्यांतून वळवून वळवून होडीपर्यंत आणला. तिचे दंड थरथरत होते आणि कित्येक वर्षांनी ती मोठ्याने हसत होती. एवढ्यात विक्रम पुढे झाला, अंगठा माशाच्या तोंडात घालून त्याने खालचा ओठ पकडला आणि मासा उचलला.

"नंदन, फोटो! पटकन! माशाला स्ट्रेस येतो!"

फोटो निघाला. आणि सुमेधाचा हात माशाला लागायच्या आत विक्रमने तो पाण्यात सोडला.

तिने हात पाण्यात घातला. नुसतं पाणी होतं.

*

तेवढ्यावर थांबलं असतं तर सुमेधा रागावून, पोहे करपवून, विसरली असती. पण पुढच्याच शनिवारी कॅनडाचा दीडशेवा वाढदिवस होता. व्हिटबीच्या पार्कात मराठी लोकांची पिकनिक. लाल टी-शर्ट, मिसळीचा वास, बार्बेक्यूवर पनीर. विक्रमने आपला फोन सगळ्यांच्या हातांतून फिरवला. फोटोत तो, हातात मासा, आणि एका कोपऱ्यात सुमेधाचं अर्धं कोपर.

"तासभर झुंजवलं त्याने मला," विक्रम सांगत होता. "सगळी टेक्निकची कमाल. धीर लागतो. लोक काय करतात, सारखं हलवत बसतात. मी दोरी बोटावर घेतली आणि ऐकत राहिलो."

सुमेधाच्या हातातली कागदी प्लेट दुमडली.

कोणीतरी विचारलं, "सुमेधाताई, तुम्ही होतात का बोटीत?"

"होत्या ना," विक्रमच म्हणाला. "ताई डब्यांची व्यवस्था बघत होत्या."

सगळे हसले. नंदनही हसला. सवयीने हसला बिचारा, पण हसला.

"मासा मी धरला," सुमेधा म्हणाली.

"हो हो, ताई, आपण सगळ्यांनीच धरला," विक्रम म्हणाला, आणि आणखी मोठा हशा झाला. सीमाने तिचा हात दाबला. "जाऊ दे ना गं ताई. त्याला बोलायची हौस आहे. तुला माहितीये ना तो कसा आहे."

माहीत होतं. तळपायापासून टाळूपर्यंत माहीत होतं.

त्या रात्री सगळे कॉटेजवरच राहिले. सकाळी उजाडलं तशी सुमेधा उठली. पिकनिकसाठी आणलेल्यातला एक नारळ उरला होता. तो घेऊन ती होडीत बसली आणि वल्ही मारत कमळांपर्यंत गेली.

खाडीत पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकण्याआधी तिचे बाबा गाऱ्हाणं घालायचे. पाण्याच्या राखणदाराला नारळ, आणि मग मागणं. बाबा एकेक वाक्य म्हणायचे, आणि काठावरची माणसं प्रत्येक वाक्याला एका सुरात होकार द्यायची. बाबांनी तिला दोन गोष्टी बजावल्या होत्या. ज्या पाण्याच्या धन्याचं नाव ठाऊक नाही, त्याला हाक मारायची नाही. आणि पाण्यावर उभं राहून कोणाचं वाईट मागायचं नाही.

दोन्ही तिला आठवत होत्या. पण रागाचं असं असतं, आठवण असून उपयोग नसतो.

ती होडीत उभी राहिली. चाळीस वर्षं कॅनडात काढलेली बाई, पेन्शन घेणारी, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आयुष्य घालवलेली. आणि तोंडातून मालवणी आली ती थेट बाबांची.

"बा राखणदारा म्हाराजा! जो कोण तू ह्या पाण्याचो धनी असशीत, तुका ह्यो नारळ. माझो मासो जेणा आपलो म्हटल्यान, तेचा तोंड बंद कर रे म्हाराजा!"

आणि सवयीने ती थांबली. वाक्य संपलं की थांबायचं असतं, लोकांनी होकार द्यायला. मग तिला स्वतःचंच हसू आलं. इथे कोण होकार देणार? बदकं?

"व्हय म्हाराजा," होडीखालून आवाज आला.

एकाचा नव्हता. पुष्कळांचा होता, खालच्या आवाजातला, जसा तो काठावरून यायचा. होडीचा पत्रा तिच्या तळपायांखाली बारीक थरथरला.

तिच्या हातातून नारळ सुटला. सोललेला नारळ, तरंगायला हवा. तो दगडासारखा सरळ खाली गेला. एक बुडबुडासुद्धा आला नाही.

*

नाश्त्याला विक्रमने तोंड उघडलं आणि काही आलं नाही.

घसा बसला असेल, सीमा म्हणाली. हळद-दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. ऑशावाच्या स्पेशालिस्टने घशात कॅमेरा घातला. सगळं नॉर्मल, म्हणाला, रेस्ट करा. विक्रमला कुजबुजताही येईना. खोकला तरी नुसती छाती हलायची. तोंड उघडायचं, मिटायचं, उघडायचं, मिटायचं. सुमेधाने ते पहिल्यांदा बघितलं आणि तिला होडीत उचलून धरलेला तो बास आठवला.

खरं सांगायचं तर पहिला आठवडा तिला बरं वाटलं. चांगलंच बरं वाटलं. जेवणाच्या टेबलावर चमच्यांचे आवाज ऐकू यायचे. तिने स्वतः केलेल्या कालवणाची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली आणि कोणी दुरुस्त केली नाही.

मग ऑगस्टमध्ये सीमाचा फोन आला.

"ताई, तो बाथटबचा नळ सोडतो आणि कान लावून बसतो."

"कशाला?"

"काय माहीत. तासन्‌तास बसतो. मध्येच मान हलवतो, कोणी काही चुकीचं बोलल्यासारखी. आणि रडतो गं. आवाज नसताना माणूस रडतो ना ताई, ते बघवत नाही. तीस वर्षं मी त्याला गप्प बस म्हणत आले. आता घरात मला वेड लागायची पाळी आलीय."

सुमेधाने फोन ठेवला. राग अजून होता, पण त्याच्या बुडाशी आता काहीतरी गार बसलं होतं. धाकटी बहीण तिची. बाबा गेल्यावर तिची वेणी सुमेधानेच घातलेली.

सप्टेंबरात ती कॉटेजवर गेली. "मासे धरायला जाते," एवढंच म्हणाली. खरं कारण काय सांगणार? म्हणून काठीही घ्यावी लागली. सीमा धक्क्यावर शाल लपेटून उभी होती. तिच्या मागे विक्रम, तोंड किंचित उघडं.

धुकं होतं. कमळाची पानं तपकिरी पडली होती. धक्का दिसेनासा झाला तशी सुमेधाने होडी थांबवली. उगाच दाखवायला म्हणून गांडूळ टाकलं, काठी मांडीवर ठेवली, आणि नवा नारळ दोन्ही हातांत घेतला.

"बा राखणदारा म्हाराजा, माझी चूक झाली. जा काय मी मागलंय..."

"ताई, मनगट."

तिचे हात जागच्या जागी राहिले.

"मनगट मोकळं ठेवा. आणि काठी मांडीवर का ठेवलीत? मासा चावला तर कळणार कसं?"

आवाज विक्रमचा. पाण्याखालून. ओला नव्हता, घाबरलेला नव्हता. रोजचा होता.

"विक्रम," ती पुटपुटली. "मी तुला परत न्यायला आलेय रे. थोडा गप्प राहा. मला वाक्य पुरं करू दे."

"करा ना. पण घाई नको. घाई हाच तुमचा प्रॉब्लेम. या गढूळ पाण्यात गडद रंगाचं गांडूळ लागतं, तुम्ही फिकट लावलंय. मी सांगितलं होतं."

"बा राखणदारा म्हाराजा," तिने दात आवळून पुन्हा सुरुवात केली. "जा काय मी मागलंय, ता..."

"आणि त्या दिवशीचा मासा, ताई, खरं म्हणजे मीच धरला. तुमच्या हातात नुसती दोरी होती."

सुमेधाच्या कानात रक्त वाजलं.

परत न्यायला आले मी याला. बहिणीसाठी. आणि हा मेला तळ्याच्या तळाशी बसूनसुद्धा...

"गप्प बस!" ती ओरडली. "कायमचा गप्प बस!"

आवाज अर्ध्या शब्दात तुटला.

धुकं थांबलं होतं.

"व्हय म्हाराजा," पाणी म्हणालं.

तिने नारळ पाण्यात टाकला. विनवलं. पाया पडली, होडीत गुडघे टेकून, ज्या बाईने डॉक्टरांपुढेही कधी मान वाकवली नाही तिने. नारळ तरंगत राहिला. वल्ह्याने ढकलला तरी पुन्हा होडीला येऊन लागला, टक, टक.

धक्क्यावर सीमा विचारत होती, "काही मिळालं का गं?"

विक्रम तिच्याकडे बघत नव्हता. तो बागेतल्या नळापाशी उकिडवा बसला होता, नळ पूर्ण सोडलेला, कान पाण्याला. खूप वेळ बसला. मग त्याने नळ बंद केला आणि आत गेला. त्यानंतर तो कुठल्याच नळापाशी बसला नाही.

*

व्हिटबीला घरी आल्यावर सुमेधा भांडी घासायला उभी राहिली. हातांना काहीतरी काम हवं होतं. दार लावलं, गरम पाणी सोडलं. रागाने अजून तिचे कान तापले होते. विक्रमवर, त्या तलावावर, स्वतःवर, सगळ्यांवर.

बेसमेंटमधून नंदनने हाक मारली. "अगं, चहा टाकतेस का? आणि तोंड पाडून किती दिवस बसणार आहेस? एका माशासाठी?" आणि तो हसला. सवयीने.

सुमेधाचा जबडा आपोआप उघडला. चाळीस वर्षांची सवय, वाक्य जिभेवर तयारच होतं.

"मर मेल..."

तिने ओला, फेसाचा हात तोंडावर दाबला.

तिने नळ बंद केला. सिंकमध्ये पाणी साठलं होतं. बूच लावलेलं नव्हतं, ते बाजूला ओट्यावर पडलेलं तिला दिसत होतं. तरी पाणी खाली जात नव्हतं. हलत नव्हतं. गाऱ्हाण्याचं वाक्य पुरं व्हायची वाट बघत काठावर माणसं उभी राहतात ना, तसं ते थांबलं होतं.

"अगं?" नंदन जिना चढत म्हणाला. "काय म्हणालीस?"