येऊ द्या

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी ठेवलाय, कारण सांगणारी माझी सख्खी चुलत बहीण आहे. ताई औषधांच्या दुकानात काम करते. डॉक्टरांची अक्षरं लावून लावून तिचा स्वभावच असा झालाय, की खात्री पटल्याशिवाय ती कुणाच्या हातावर साधी तापाची गोळी ठेवत नाही. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की सगळ्यात आधी तीच हसायची.

आता हसत नाही.

घडलं ते गेल्या हिवाळ्यात. अमावस्या तोंडावर आलेली. वेळ मध्यरात्रीची वगैरे अजिबात नव्हती... दिवस नुकता मावळत होता. जागा समुद्रकाठची. कुठली, ते सांगणार नाही. सांगितलं तर तुमच्यातले दोघे-चौघे तरी गाडी काढून निघतील, आणि ते पाप माझ्या डोक्यावर नको.

आधी काका-काकूंबद्दल थोडं सांगतो.

काका म्हणजे ताईचे वडील. हौशी मासेमारी करणाऱ्यांचा एक क्लब आहे, त्यांच्यासाठी काका जागा शोधून द्यायचे. किनाऱ्यावर तंबू कुठे ठोकता येईल, भरतीचं पाणी कुठवर चढतं, होडी पाण्यात सोडायला उतार धड आहे का, गळाला मासा लागतो का... सगळं स्वतः तिथे राहून बघायचे. मग एका शब्दात निकाल. 'चालेल' किंवा 'चालणार नाही'. काकांनी 'चालेल' म्हटलेल्या जागी लोक डोळे मिटून लेकराबाळांना घेऊन जायचे.

पण हे काम एकट्या काकांचं कधीच नव्हतं.

होडी ट्रेलरवर असते आणि ट्रेलर जीपच्या मागे. जीप उलटी घेत घेत तो ट्रेलर पाण्यात उतरवायचा. मागे होडी आडवी आलेली, त्यामुळे चालवणाऱ्याला आरशात पाणी दिसतच नाही. मग काकू मागे जाऊन गुडघाभर पाण्यात उभी राहायची आणि आवाज द्यायची.

"येऊ द्या... येऊ द्या... येऊ द्या..."

तिचा आवाज चालू आहे तोवर यायचं. आवाज थांबला की ब्रेक. 'थांबा' असं ओरडायची पद्धतच नव्हती त्यांच्यात. लाटांच्या आवाजात 'थांबा' हरवलं, तर गाडी जायची पाण्यात. 'येऊ द्या' हरवलं, तर नुसती थांबेल. म्हणून ही रीत. काकूनेच काढलेली.

"बाहेर ती गप्प झाली की मी थांबतो," काका सगळ्यांना सांगायचे, "आणि घरात गप्प झाली की पळतो!"

काकू त्याच्या आदल्या वर्षी गेली. समुद्राशी काही संबंध नाही. आजारपण, दवाखाना, आणि ताईच्या हातात हात. शेवटी शेवटी तिचा आवाज पार गेला होता. ओठ हलायचे... ऐकू काहीच यायचं नाही. काका कान तिच्या तोंडाशी नेऊन तासन्‌तास बसायचे.

ती काय सांगत होती, ते त्यांना कळलंच नाही. तेच त्यांना सगळ्यात जास्त लागलं.

मग काका मिटून गेले. होडीवर ताडपत्री पडली ती पडलीच. ताट समोर आलं की दोन घास चिवडायचे आणि उठायचे. कुणी बोललं तर 'हं', नाही बोललं तर तेही नाही. आई तर गेली, आता बाबाही हातचे जातात की काय, ही एकच धास्ती ताईला आतून खात होती. म्हणून क्लबमधून नव्या जागेसाठी फोन आला, तेव्हा काकांना न विचारताच ती 'हो' म्हणून मोकळी झाली.

"आवाज कोण देणार?" काकांनी विचारलं.

"मी देईन की."

"तू? तुला बादलीतल्या पाण्याची भीती वाटते."

"बादलीत कुठे जीप घालायचीय, बाबा?"

काका हसले. कितीतरी महिन्यांनी हसले. ताई म्हणते, त्या हसण्यासाठी मी त्यांना कुठेही घेऊन गेले असते.

जागा बघताच काकांचे डोळे चमकले.

दोन्ही बाजूंनी खडक पुढे आलेले, त्यामुळे आत लाट मोठी नाही. वर झाडांच्या सावलीत तंबूपुरती सपाट जमीन. वाळलेल्या समुद्रगवताची रेघ बरीच खाली, म्हणजे भरतीचं पाणी तंबूपर्यंत यायची भीती नाही. आणि उतार तर असा घट्ट, की काकांनी टाच मारून पाहिली तरी वाळू दबली नाही. पहिला गळ टाकला आणि हात धुवायच्या आत मासा लागला.

"चिमणे, ही जागा तुझ्या आईला दाखवायला हवी होती गं," काका म्हणाले.

ताईने नुसती मान हलवली. तिला बरं वाटत होतं, आणि तरीही काहीतरी खटकत होतं. आधी कळेना काय. मग हळूहळू लक्षात आलं...

इतकी चांगली जागा, आणि शेकोटीची राख कुठेच नव्हती.

तुटलेली गळाची दोरी नाही. रिकामी बाटली नाही. वाळूत कुणाच्या पायाचा ठसा नाही. माणूस जिथे जातो तिथे काहीतरी घाण करून येतोच, पण इथे कुणी आल्याची खूणच नव्हती.

पक्षीसुद्धा नव्हते. काकांनी साफ केलेल्या माशाची आतडी खडकावर तशीच पडून होती, आणि एकही कावळा, एकही बगळा तिकडे फिरकला नाही.

"अहो बाबा, इथे कुणी येत कसं नाही?"

"माहीत नसेल. म्हणून तर आपल्याला पाठवलंय." काका आपल्याच नादात होते. "भरती लागलीय. उजेड आहे तोवर होडी टाकू, खडकापर्यंत जाऊन येऊ."

ताईला नाही म्हणवेना. बाबा स्वतःहून काहीतरी करू म्हणत होते.

काकांनी होडीचे पट्टे सोडले. होडीची दोरी ताईच्या हातात दिली आणि तिला पाण्याच्या कडेला उभं केलं. "आईसारखं. बोलत राहायचं. पाणी ट्रेलरच्या चाकांवर आलं की गप्प." एवढं सांगून ते जीपमध्ये बसले. खिडकीची काच खाली केली. इंजिन चालू झालं.

ताईने तोंड उघडलं...

आणि शब्दच फुटेना.

साधे दोन शब्द. लहानपणापासून हजारदा ऐकलेले. पण ते आईचे होते. ते आपल्या तोंडून निघाले की आई खरंच गेली, असं काहीतरी तिला वाटलं. ती डोळे पुसत तशीच उभी राहिली. बाबा थांबतील, आवाज आल्याशिवाय ते हलणार नाहीत, आपण जरा सावरू, असा विचार तिने केला.

जीप हलली.

हळू, अगदी सरळ रेषेत, जीप मागे येऊ लागली.

ताईला वाटलं, बाबांनी उतार पाहिलाय, अंदाजाने घेत असतील. ट्रेलरची चाकं पाण्यात गेली. होडी तरंगायला लागली. आता थांबायला हवं होतं.

जीप थांबली नाही.

"बाबा, बस!"

जीप येतच होती.

"बाबा! थांबा! थांबा!"

ती किंचाळत होती. जीपपासून फार लांबही नव्हती. काकांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं होतं, कान मागे, पाण्याकडे लावलेला. ताई त्यांच्या डोळ्यांसमोर उभी होती आणि ते तिच्याकडे बघतसुद्धा नव्हते.

ते हसत होते.

आपण तर 'येऊ द्या' म्हटलेलंच नाही... मग बाबा कुणाच्या आवाजावर येतायत?

तेव्हा तिला पाण्यात चालल्याचा आवाज आला. छप... छप... छप... जीपच्या मागून. कुणीतरी पाठमोऱ्या पावलांनी आत आत सरकत चालल्यासारखा. तिथे पाणी डोक्याच्या वर होतं. तिथे चालता येणारच नव्हतं.

ताईने दोरी टाकली आणि ती धावली. जिला बादलीतल्या पाण्याची भीती वाटते ती पोरगी छातीभर पाण्यात शिरली. पाणी जीपच्या दाराला लागलं होतं. तिने खिडकीतून अर्धं अंग आत घातलं, दोन्ही हातांनी हँडब्रेक खेचला आणि बापाच्या थोबाडीत मारली.

सांगताना ती इथे नेहमी थांबते. बापावर हात उचलला, याचं तिला अजून रडू येतं.

काका दचकले. दोन क्षण त्यांनी तिला ओळखलंच नाही. मग गिअर टाकला, इंजिन गुरगुरलं, आणि नशीब म्हणायचं, जीप ट्रेलरसकट बाहेर आली.

दोघांनी मागे वळून पाहिलं.

होडी चालली होती. भरती जोरात चढत होती, वाराही समुद्राकडूनच होता. होडी किनाऱ्याला लागायला हवी होती. पण ती आत जात होती... सावकाश, सरळ, कुणीतरी दोरी धरून नेल्यासारखी. खडकांच्या पलीकडे जाईपर्यंत दोघं बघत राहिले. काका पाण्याकडे निघाले, तेव्हा ताईने त्यांच्या कमरेला मिठी मारली आणि त्यांना फरफटत जीपमध्ये बसवलं. वर ठोकलेला तंबू तिथेच राहिला.

मोठ्या रस्त्यावर दिवे दिसले तशी तिने गाडी थांबवली. थर्मासमधला चहा दोघांच्याही हातात गार झाला.

"तू आवाज देत होतीस ना?" काकांनी विचारलं.

"मी एक शब्द बोलले नाही, बाबा. नंतर थांबा थांबा म्हणून ओरडले तेवढंच."

"ते मला ऐकू आलं नाही."

"मग काय ऐकू आलं?"

काका मान वळवून मागच्या अंधारात बघायला लागले.

"बाबा, ती आई नव्हती," ताई म्हणाली. स्वतःच्या आवाजाची तिलाच भीती वाटत होती. "आई त्या जागी जन्मात कधी गेली नव्हती. आणि आई असती ना, तर चाकांवर पाणी आल्याबरोबर गप्प झाली असती. तिने तुम्हाला कधी एक वीत पुढे येऊ दिलं होतं का?"

"नाही."

"ही थांबलीच नाही."

"हो. कळलं मला ते."

"कधी कळलं?"

"पाणी दाराला लागलं तेव्हा."

"मग ब्रेक का नाही दाबला, बाबा?"

काकांनी गार चहाचा कप खाली ठेवला. मग लहान मुलासारखं म्हणाले, "दाबला असता, तर ती बोलायची थांबली असती गं."

ताई त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. आई गेली त्या दिवशीही रडली नव्हती, इतकी रडली.

काकांनी क्लबला निकाल कळवला. 'चालणार नाही.' कारण विचारलं तर म्हणाले, उतार फसवा आहे. क्लबचं कुणी तिथे जात नाही. इथे ही गोष्ट संपली असती तर मी ती तुम्हाला लिहून कळवली नसती.

काका जातात.

होडी नाही, ट्रेलर विकून टाकला, गळसुद्धा नेत नाहीत. अमावस्या जवळ आली की जीप काढतात. त्या उतारावर जीपची पाठ समुद्राकडे करून, काच खाली करून बसतात आणि अंधार पडला की परत येतात. येतात तेव्हा पोटभर जेवतात. शेजाऱ्यांशी गप्पा मारतात. अंगावर मूठभर मांस चढलंय. बघणारे म्हणतात, सावरला बिचारा.

ताईने भांडून पाहिलं, किल्ली लपवून पाहिली. काका पायी निघाले. शेवटी तिने सांगितलं, जायचंच असेल तर मी बरोबर येणार. शेजारी बसेन, हँडब्रेकवर हात ठेवून.

तेव्हापासून दोघं जातात.

परवा तिचा फोन आला होता. मी घाबरत घाबरत विचारलं, "तुला काही ऐकू येतं का गं तिथे?"

तिने विषय बदलला, माझ्या जेवणाचं विचारलं.

"ताई? तू म्हणाली होतीस ना, ती काकू नव्हे म्हणून?"

"म्हणाले होते." तिचा आवाज शांत होता, बऱ्याच दिवसांनी पुरती झोप झालेल्या माणसासारखा. "अरे, तो नेमका कसा होता ते मी विसरत चालले होते, माहितीय? तिचा आवाज. आपल्याच आईचा."

"पण तू हँडब्रेकवर हात ठेवून बसतेस ना?"

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता.

"पहिल्यांदा ठेवला होता," ती म्हणाली.

आज दुपारी दोघं निघालीत. मी कामावर होतो, शेजाऱ्यांकडून कळलं. तेव्हापासून फोन लावतोय. काकांचा लागत नाही, आणि ताईचाही नाही. आता संध्याकाळ झालीय, आणि इकडच्या किनाऱ्यावरसुद्धा भरती लागलीय.