शटर बंदच होत नाही

"बटण दाबलं की शटर उघडतं… पण बोट काढेपर्यंत बंदच होत नाही!" असं म्हणत तिनं खांद्यावरचा जुना, रोलचा कॅमेरा काउंटरवर ठेवला.

दुरुस्तीवाल्याला बिघाड बघताक्षणीच कळला. म्हणजे, बिघाड नव्हताच! शटरच्या वेगाची चकती 'बी'वर होती आणि 'बी'वर बोट काढेपर्यंत शटर उघडंच राहतं. ते असतंच त्यासाठी. चकती एक घर फिरवून द्यायची, की झालं काम. पण मग ही मुलगी दोन मिनिटांत जिना उतरून जाणार, आणि पुन्हा कशाला येणार? कपाळावरची बट फुंकरीनं उडवत ती त्याच्याकडे बघत होती. आमच्या गड्याची जीभ घसरली.

"स्प्रिंग सैल झालीय. ठेवून जा… गुरुवारी या."

गुरुवारी स्प्रिंग बसली होती, पण शटरचा पडदा चिकटत होता. सोमवारी पडदा सुटला, तर दातेरी चाकाला आळस आला होता.

"चाकाला आळस?" तिनं भुवया उंचावल्या.

"म्हणजे… जुनं तेल घट्ट होतं ना. सकाळी सकाळी फिरायला मागत नाही."

"मग संध्याकाळी येत जाऊ का?"

"या की!" तो इतक्या घाईनं म्हणाला, की हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला. तो शोधायला टेबलाखाली गेलेला माणूस बराच वेळ वर आलाच नाही.

मग ती संध्याकाळी येऊ लागली. कॅमेरा खणात निवांत पडून होता आणि हा थापाड्या रोज दाढी करू लागला होता. "कुठल्या गिऱ्हाइकासाठी एवढा भांग पाडतोयस रे?" आईनं विचारलं, तेव्हा त्यानं चक्क खोकल्याचं सोंग केलं.

एका संध्याकाळी मात्र ती बसलीच नाही.

"आज मी कॅमेरा घेऊन जाते. बाबा म्हणतायत, तुम्हाला जमत नसेल तर दुसरीकडे दाखवू."

त्यानं खणातून कॅमेरा काढला. चकती गुपचूप फिरवून कॅमेरा हातात दिला असता, तर अब्रू वाचली असती. पण ती गेली असती ती कायमचीच, आणि तीही त्याची एक थाप घेऊन. ते काही त्याला सोसेना.

"कॅमेऱ्याला काही झालेलंच नाही," तो म्हणाला. "नुसता 'बी'वर होता. तुम्ही पुन्हा यावं म्हणून मी… थापा मारल्या. मला तुम्ही फार आवडता. आता काय रागवायचं ते रागवा."

ती रागावली नाही. "मला माहीत होतं," म्हणाली.

"काय?"

"बाबांनीच 'बी'वर ठेवून पाठवला होता. बिघाड नाही असं जो सांगेल, त्यालाच खरं काम द्यायचं, असा त्यांचा नेम आहे. तुम्ही पहिल्याच दिवशी सपशेल नापास!"

त्याला धरणी दुभंगावी असं झालं. आणि मग डोक्यात हळूच उजेड पडला.

"पण मग… तुम्ही परत परत का आलात?"

 तिच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. कॅमेऱ्याचा पट्टा बोटाला गुंडाळत पुटपुटली, "आवडायचं मला… यायला. बाबांना तर तुम्ही पास झालात असंच सांगितलंय." आणि लगेच विषय बदलला, "खरा बिघाड वेगळाच आहे. सावकाश वेगावर शटर मध्येच अडकतं."

त्यानं चकती फिरवली, रोल पुढे सरकवायची चावी ओढली, बटण दाबून कान लावला. खट्… आणि पुढे काहीच नाही. या खेपेला खरोखरच तेल घट्ट झालं होतं.

"किती दिवस लागतील?" तिनं विचारलं.

थापा मारणं तर त्यानं आत्ताच सोडलं होतं. "तासाभराचं काम आहे," तो छाती पुढे काढून म्हणाला.

तिचा चेहरा पडला.

"इतकं खरं बोलायची काही गरज नव्हती हं तुला!"

ते 'तुला' दोघांनाही ऐकू आलं. त्यानं स्टूल पुसून तिच्यापुढे सरकवलं.

"बस ना," तो म्हणाला. "जरा सावकाशच करतो."